सामाईक यंत्र

छापचित्राचे, म्हणजे कोरलेल्या ठोकळ्यावरून किंवा प्लेटवरून कागदावर घेतलेल्या चित्राचे, यंत्र सहसा एका माणसाला परवडत नाही, आणि परवडले तरी ते ठेवायला घरात जागा नसते. पोलादाचे दोन जड रूळ, त्यांच्यामधून सरकणारा सपाट पाट, दाब कमीजास्त करणारे दोन स्क्रू आणि बाजूला हाताने फिरवायचे मोठे चाक एवढीच या यंत्राची, म्हणजे एचिंग प्रेसची, रचना. परंतु तिचे वजन असे की आमच्याकडच्या जुन्या घरांतील सारवलेल्या जमिनीवर किंवा कोब्यावर ती उभी करण्याचा विचारही कोणी करू नये. रंगवणाऱ्या चित्रकाराचे कुंचला, रंग आणि उजेडाची एक खिडकी एवढ्यावर भागते. छापचित्रकाराला ठोकळा किंवा प्लेट घरी बसून कोरता येते, पण बारीक रेषेचा छाप घ्यायला यंत्राकडेच यावे लागते, आणि यंत्र असते तेथे दुसरी माणसे असतात. या कलेचा बराचसा स्वभाव या अडचणीतून घडला आहे, असे माझे मत होत गेले आहे.

हे मी चित्रकार म्हणून लिहीत नाही. माझे आयुष्य बँकेच्या काउंटरमागे गेले आणि निवृत्तीनंतर, हिशेब ठेवता येतो या एका गुणावर, मी एका छापचित्र कार्यशाळेचा खजिनदार झालो. कुडाळ आणि वेंगुर्ले यांच्या दरम्यान, मोठ्या रस्त्यापासून आत, बंद पडलेल्या काजू कारखान्याची एक शेड आहे. तिच्या निम्म्या भागात यंत्रे आणि टेबले आहेत. उरलेल्या भागाच्या भिंतींना पांढरा रंग देऊन आम्ही त्याला दालन म्हणतो. नफा वाटायचा नाही, उरेल ते कामालाच लावायचे, या अटीवर नोंदलेला हा न्यास आहे. त्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण नाव लिहिले की लेखाचे देणगीपत्रक होते, आणि ती पत्रके मी वर्षभर लिहीतच असतो.

किनाऱ्यावरच्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगायला वेळ लागत नाही, कारण त्याने रापण पाहिलेली असते. रापणीचे जाळे घेणे एका कुटुंबाच्या ऐपतीबाहेरचे आणि ते ओढणे एका कुटुंबाच्या ताकदीबाहेरचे. म्हणून ते संघाचे असते, दोन्ही दोऱ्यांवर माणसे लागतात आणि आलेल्या मासळीचे वाटे पडतात. त्यात ओढणाऱ्यांचा वाटा असतो तसा होडी-जाळ्याचाही असतो, कारण जाळे फाटते आणि ते कोणाला तरी दुरुस्त करावे लागते. आमच्या नियमावलीत ‘यंत्राचा वाटा’ असे एक कलम आहे, ते तेथूनच आले. दालनात विकल्या गेलेल्या प्रत्येक चित्राच्या किमतीतला मोठा भाग चित्रकाराला मिळतो, थोडा दालनाला, आणि एक ठरावीक भाग यंत्राच्या नावाने वेगळ्या खात्यात जातो. रुळाखाली अंथरायचे लोकरी फेल्ट झिजून पातळ झाले की नवे आणायला हेच पैसे लागतात, आणि फेल्ट झिजलेले असेल तर कितीही चांगल्या चित्रकाराचा छाप फिका येतो.

अशा सामाईक जागांनी या कलेला काय दिले, याची उदाहरणे मोठी आहेत. स्टॅनली विल्यम हेटर यांनी १९२७ साली पॅरिसमध्ये सुरू केलेली कार्यशाळा पुढे ‘आतेलिए १७’ या नावाने प्रसिद्ध झाली. आंध्रातले कृष्णा रेड्डी आणि मुंबईच्या जेजे कलाशाळेतून गेलेले कैको मोती तेथे काम करत असताना एकाच प्लेटवरून एकाच वेळी अनेक रंग छापण्याची पद्धत आकाराला आली. कमी तेलाची शाई आणि जास्त तेलाची शाई एकमेकींवर पसरत नाहीत. मऊ रूळ प्लेटच्या खोलगट भागापर्यंत पोहोचतो आणि कडक रूळ फक्त उंच भागाला शाई लावतो. या दोन गोष्टी ऐकायला सोप्या वाटतात, पण त्या कळायला एका टेबलाशी अनेकांनी पुष्कळ प्लेटा खराब करण्याची मुभा असावी लागते, आणि एकट्या माणसाला ती नसते. न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट ब्लॅकबर्न यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस काढलेली कार्यशाळा येईल त्याला खुली होती. आपल्याकडे दिल्लीतील ललित कला अकादमीचे गढी स्टुडिओ आहेत, १९८२ सालचे भोपाळचे भारत भवन आहे आणि कलावंतांनीच १९९९ साली उभी केलेली बडोद्याची ‘छाप’ आहे. या साऱ्या जागा शहरांतल्या आहेत. कोकणातला मुलगा मुंबईत कलाशाळेत जातो, तेथे यंत्रावर हात बसतो, आणि गावी परतून चित्रकलेचा शिक्षक झाला की छापचित्र सुटते. आवड संपलेली नसते, यंत्र मागे राहिलेले असते.

वास्तविक छपाई या देशात उतरली ती याच किनाऱ्यावर. अबिसीनियाकडे, म्हणजे आजच्या इथिओपियाकडे, जायला निघालेले जेझुइट मिशनऱ्यांचे छापयंत्र १५५६ साली गोव्यात थांबले ते तेथेच राहिले, आणि जुन्या गोव्यातील सेंट पॉल कॉलेजात ते सुरू झाले. साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, गोव्यातल्याच राशोल येथे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध मराठी पुराण छापले गेले, मात्र रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, हाताशी नव्हते. खिळ्यांची ही अडचण शिळाप्रेसला नव्हती. जर्मनीत सेनेफेल्डरने १७९६च्या सुमारास शोधलेल्या या पद्धतीत चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने लिहितात, दगड ओला करतात आणि वरून रूळ फिरवतात. ओल्या जागी शाई धरत नाही, तेलकट रेषेवर धरते, आणि हाताचे जे वळण असेल तेच कागदावर उतरते. मुंबईत गणपत कृष्णाजींनी लाकडी शिळायंत्र स्वतः बनवून, शाईही स्वतः तयार करून १८३१ साली पंचांग छापले, त्यामागे ही सोय होती. आमच्या शेडमध्ये शिळाप्रेस नाही. एवढे मोठे दगड मिळवणे आणि ते पुन्हापुन्हा घासणे हे दोन्ही आमच्या आवाक्याबाहेर आहे. तरी दरवर्षी वार्षिक सभेत कोणीतरी तो विषय काढतोच.

आमचे दुसरे यंत्र ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचे खिळ्यांचे छापयंत्र, आहे. तालुक्याच्या गावांतून लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि जत्रेतल्या दशावतारी नाटकांच्या जाहिराती छापणारे असे छापखाने पूर्वी होते. ऑफसेट आणि संगणक आल्यावर ते एकेक करून बंद झाले आणि त्यांची यंत्रे किलोच्या भावाने भंगारात गेली. आमचे ट्रेडल त्या वाटेवरून परत आले, आणि त्याच्याबरोबर खिळ्यांच्या थोड्या केसेस, म्हणजे खणांच्या पेट्या, आणि एक जुळारी आले. त्यांना सगळे आबा म्हणतात. आयुष्यभर खिळे जुळवल्यामुळे त्यांना उलटी अक्षरे सुलट्याइतकीच वेगाने वाचता येतात, आणि छापचित्राच्या कार्यशाळेत या कौशल्याला जी किंमत आहे ती मला सुरुवातीला कळली नव्हती. ठोकळ्यावर कोरलेले चित्र कागदावर उलटे येते. झाड डावीकडचे उजवीकडे गेले तर निभावते, पण अक्षर निभावत नाही. इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसणाऱ्या एका मुलीने लिनोवर, म्हणजे कोरायला मऊ अशा लिनोलियमच्या तुकड्यावर, आपल्या वाडीचे नाव अर्धे कोरले होते, आबांनी चालता चालता पाहिले आणि म्हणाले, “गो बाय, तुझो ‘क’ सुलटो आसा, छापल्यार उलटो येतलो.” ती रडकुंडीला आली. आबांनी तिला ट्रेसिंग कागद उलटा धरून रेषा उतरवायला शिकवले आणि त्या लिनोच्या मागच्या बाजूचे काय करता येईल, यावर तिच्याशी गंभीरपणे चर्चा केली.

लाकडाच्या बाबतीत आम्ही श्रीमंत आहोत. फणसाची पिवळी फळी, शिवण, आंबा, सगळे गावातच मिळते, आणि कोणत्या लाकडाला बारीक रेष पेलते आणि कोणत्या लाकडाची कड तुटते हे सुतारांना चित्रकारांपेक्षा अधिक कळते. लाकडी ठोकळ्याला यंत्र लागतेच असेही नाही. शाई लावलेल्या ठोकळ्यावर पातळ कागद ठेवून करवंटीची घोटलेली पाठ हळूहळू फिरवली तरी छाप येतो, आणि मुलांना आम्ही प्रथम तेच शिकवतो. यंत्र हवे ते धातूच्या प्लेटला. तेथे शाई रेषेच्या खाचेत भरलेली असते, पृष्ठभाग पुसून स्वच्छ केलेला असतो, आणि त्या खाचेतून शाई बाहेर ओढून घ्यायची तर ओलसर कागद प्रचंड दाबाने आत शिरावा लागतो.

पावसाळ्याविषयी मात्र जरा सविस्तर लिहिले पाहिजे, कारण छापचित्रांवरच्या मार्गदर्शनात जे कोरडे हवामान गृहीत धरलेले असते ते आमच्याकडे जूनमध्येच संपते. जेथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत कोसळतो, तेथे कागद हा सजीव पदार्थ असल्याप्रमाणे वागतो. तो हवेतली ओल घेऊन फुगतो आणि उघडीप पडली की आकसतो. एका रंगाच्या चित्राला त्याने बिघडत नाही. पण तीन ठोकळ्यांवरून तीन रंग छापायचे असतील आणि पहिला रंग सोमवारी, दुसरा गुरुवारी छापला, तर मधल्या काळात कागद इतका बदललेला असतो की डोळ्याचा रंग डोळ्यावर बसत नाही. शाईचेही तेच. छपाईच्या शाईतले जवसाचे तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते, आणि दमट हवेत ही क्रिया रेंगाळते. एप्रिलमध्ये थोड्या दिवसांत वाळणारे चित्र श्रावणात कित्येक दिवस बोटाला लागत राहते. त्यातच धातूच्या प्लेटसाठी कागद मुद्दाम भिजवून ठेवावा लागतो, आणि भिजवलेला गठ्ठा एक दिवस जास्त राहिला तर त्यावर बुरशीचे पिवळे ठिपके उमटतात, ते पुन्हा जात नाहीत. यावर आमचे उपाय साधे आहेत. कागद लोखंडी कपाटात असतो आणि कपाटात एक पिवळा बल्ब रात्रंदिवस जळतो. पावसाळ्यात बहुरंगी काम घ्यायचे नाही, आणि घेतलेच तर सारे रंग एका दिवसात संपवायचे. वीज जाते तेव्हा कपाटाचे दार कोणी उघडायचे नाही. २२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर या ग्रंथालयाचे जे नुकसान झाले, त्यानंतर आम्ही विकायची चित्रे आणि मूळ ठोकळे माळ्यावर हलवले. १८६४ पासून उभ्या असलेल्या संस्थेला पाणी असे गाठू शकते, तर आमच्या शेडचे काय, हा प्रश्न विचारायला चित्रकार असावे लागत नाही.

धातूच्या प्लेटवर रेषा खोदायला लागणाऱ्या आम्लाचा प्रश्न याहून अवघड आहे. जस्ताच्या प्लेटवर नायट्रिक आम्ल घातले की तपकिरी विषारी वाफ निघते, म्हणून ते आम्ही सुरुवातीपासूनच ठेवले नाही. तांब्यासाठी फेरिक क्लोराइड वापरता येते. त्याची तशी वाफ नाही, पण वापरलेल्या द्रावणात तांबे विरघळलेले असते. शहरातली कार्यशाळा त्याचे काय करते ते तिचे तिने पाहावे. आमची शेड जांभ्यावर आहे, जांभा सच्छिद्र आहे, आणि उतारावर खालच्या वाडीची विहीर आहे. द्रावणात धुण्याचा सोडा घालून तांब्याचा गाळ खाली बसवणे, वरचे पाणी वेगळे करणे आणि गाळ बंद ड्रममध्ये साठवून योग्य ठिकाणी पाठवणे, एवढा उपद्व्याप मोजक्या प्लेटांसाठी करावा का, यावर आमच्यात वाद झाले. शेवटी आम्ल वापरायचे काम वर्षातून एकदा, उन्हाळ्यात, सगळ्यांचे एकत्र करायचे ठरले. बाकीचे दिवस ड्रायपॉइंट आणि कोलोग्राफ चालतात. ड्रायपॉइंटमध्ये सुईने थेट ओरखडा काढायचा, कोलोग्राफमध्ये पुठ्ठ्यावर कापड, काथ्या, वाळू चिकटवून प्लेट तयार करायची. काथ्याचा छाप फार सुंदर येतो. एका चित्रकाराने मला सांगितले की ही बंदी आली नसती तर तो काथ्याकडे वळलाच नसता. मी ते मत संस्थेच्या अहवालात घातले, कारण खजिनदाराला अशी वाक्ये उपयोगी पडतात.

दालनात येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो: याच्या इतर प्रती आहेत म्हणता, मग हे अस्सल कसे? बँकेत खरी आणि खोटी नोट ओळखणे हा माझ्या कामाचा भाग होता, त्यामुळे हा प्रश्न मला आवडतो. चित्राच्या खाली पेन्सिलीने लिहिलेले ३/२० हे आकडे आम्ही दाखवतो. एकूण २० छाप काढले, त्यातला हा तिसरा. ठरलेले छाप काढून झाले की प्लेटवर आडवा ओरखडा मारून ती रद्द केली जाते. एवढ्यावर समाधान न झालेल्यांना मी आयात-जकातीच्या तक्त्यातला ९७वा अध्याय सांगतो. तेथे मूळ छापचित्राची व्याख्या दिलेली आहे: कलावंताने संपूर्णपणे हाताने तयार केलेल्या प्लेटवरून थेट घेतलेला छाप, मग पद्धत आणि साहित्य कोणतेही असो, यांत्रिक किंवा छायाचित्रणाच्या मार्गाने केलेली प्रत मात्र त्यात बसत नाही. अस्सलपणावर इतके नेमके बोलणारे दुसरे काही मी वाचलेले नाही, आणि ते जकातीच्या नियमांत सापडावे याची मला गंमत वाटते.

याच व्याख्येवरून आमच्यातला सर्वांत कडू वाद झाला. दालनाची आवक सुट्टीच्या हंगामापुरती असते. वीजबिल आणि पत्र्यांची दुरुस्ती बाराही महिने असते. एका हितचिंतकाने सुचवले की सदस्यांची चांगली चित्रे स्कॅन करावीत, मोठ्या डिजिटल यंत्रावर हव्या तितक्या प्रती काढाव्यात आणि तारकर्ली-मालवणच्या हॉटेलांना विकाव्यात. पैसे मिळाले असते, यात शंका नाही. मी हिशेबाचा माणूस असूनही विरोधात मत दिले. २० छापांच्या चित्राची किंमत त्या २० वर उभी आहे, आणि शेजारच्या भिंतीवर त्याचीच स्कॅन केलेली प्रत स्वस्तात लटकू लागली, तर तिसऱ्या छापासाठी कोणी पैसे का द्यावेत? त्याऐवजी आम्ही ट्रेडलवर हाताने जुळवलेल्या लग्नपत्रिका आणि निमंत्रणे घ्यायला लागलो. त्यात मिळकत कमी आहे, आणि आबा घाई करत नाहीत.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालील नोंदणी, दरवर्षीचे लेखापरीक्षण, विश्वस्त बदलला की फेरफार अर्ज, देणगीदाराला आयकरात सवलत मिळावी म्हणून आयकर खात्याची मान्यता, कंपन्यांचा सामाजिक निधी हवा असेल तर त्याची वेगळी नोंदणी, हे सारे करावे लागते आणि ते होते. एका कार्यालयात मात्र आमच्या अर्जापुढे ‘उत्पादन’ की ‘शिक्षण’ याचा निर्णय बरेच दिवस होईना. टेबलावरच्या कर्मचाऱ्याची अडचण मला प्रामाणिक वाटली. आमच्याकडे मुले शिकतात, वस्तू तयार होतात आणि त्या विकल्याही जातात.

सावंतवाडीच्या चितारी कुटुंबातल्या एक बाई आमच्याकडे येतात. त्यांनी पहिल्याच भेटीत ऐकवले की ज्या छपाईने आमच्या घरातले काम नेले, तिच्याच नावाने तुम्ही संस्था काढली. बोलणे खरे आहे. दशावतारी गंजिफा, म्हणजे १२० गोल पत्त्यांचा संच, हाताने रंगवणाऱ्यांसमोर छापील पत्ते स्वस्तात आले, आणि राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत काढलेल्या छापखान्यातल्या लक्ष्मी-सरस्वती देवघरांत पोहोचल्या तेव्हा हाताने काढलेल्या देवांचे गिऱ्हाईक घटले असणारच. गंजिफा वाचला तो सावंतवाडीच्या राजवाड्यात. शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात जुन्या चिताऱ्यांकडून ही कला समजून घेतली आणि वाड्याच्या दरबारात कारागिरांना बसवून पुन्हा पाने रंगवून घेतली. पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी चित्रकथीच्या, म्हणजे चित्रे दाखवत कथा सांगण्याच्या कलेच्या, पोथ्या आपल्याच घरांत जपल्या. परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली ती या कामासाठी. ही दोन्ही उदाहरणे जवळची असूनही आमच्या संस्थेने पॅरिस आणि बडोद्याकडे आधी पाहिले, हे मला जरा खटकते. बाईंनी पुढे मत्स्यावताराचा एक गोल ठोकळा कोरला. गंजिफ्याची पाने मात्र छापणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आहे आणि त्यांना तो आग्रह कोणी केलेला नाही.

सध्या आमच्यासमोर आहे तो विषय गणपतीच्या भिंतीचा. आमच्या जिल्ह्यात चतुर्थीच्या आधी मूर्तीमागची भिंत रंगवून तिच्यावर चित्र काढण्याची चाल आहे. वाडीतला चित्र काढणारा मुलगा त्या आठवड्यात घराघरांत फिरतो. आता अनेक घरांत त्या जागी फ्लेक्स लागतो. तो पुसावा लागत नाही, एका दिवसात छापून मिळतो, आणि विसर्जनानंतर गोठ्याच्या पत्र्यावर आच्छादन म्हणून कामी येतो, हा त्याचा फायदा कमी समजू नये. गेल्या हंगामात सुतार आणि चित्रकारांनी मिळून फणसाच्या फळ्यांवर मोठे ठोकळे कोरले: कमळ, मोर, मूर्तीवर टांगायच्या माटवीतली फळे, वेलीची किनार. मांजरपाटाच्या कापडावर ते मोगरीने ठोकून छापायचे आणि कापड भिंतीवर ताणायचे. याला एचिंग प्रेस लागत नाही. यंत्र घरी नेता येत नाही, पण ठोकळा पिशवीत घालून कोणत्याही वाडीत जातो, आणि चाकरमान्यांची मुलेदेखील तो ठोकून पाहतात.

कापड येथे छापून विकावे, म्हणजे छाप नीट येईल आणि संस्थेला पैसे मिळतील, असे चित्रकारांचे म्हणणे आहे. ठोकळे भाड्याने द्यावेत, शाईचा डबा आणि मोगरी बरोबर द्यावी, आणि घराघरांत लोकांनी स्वतः छापावे, असे माझे मत आहे. ज्या घरात आठ दिवस आधी भिंत रंगवायला माणसे एकत्र बसत, त्या घरात तयार कापड पाठवले तर ते फ्लेक्सपेक्षा देखणे असेल, पण बसायला कारण उरणार नाही. माझ्या योजनेत ठोकळे हरवतील, फुटतील, त्यांच्यावर तेल सांडेल, हेही मला मान्य आहे, आणि त्यासाठी अनामत किती घ्यावी याचा तक्ता मी तयार केला आहे. कार्यकारिणीची बैठक वटपौर्णिमेनंतर आहे. निर्णय कोणताही झाला तरी कापड जुलैच्या आत आणून कपाटात बल्बखाली ठेवावे लागेल, तेव्हा तेवढी मंजुरी मी आधीच मागून घेतली आहे.